बाकावरचा निकाल

२०२२ साल. मला सहासष्ट पूर्ण झाली होती आणि मीरा रोडच्या एका मॅडमकडे माझं पंधरावं वर्ष चालू होतं. दवाखाना म्हणा, पण इंजेक्शन नाही, गोळी नाही, रक्त नाही. मॅडम मानसशास्त्रवाल्या. डोक्याला मार लागलेले, लकवा होऊन उठलेले, विसरायला लागलेले म्हातारे यांची स्मरणशक्ती आणि लक्ष तपासून त्या कागद द्यायच्या. काही माणसं स्वतःहून यायची, काहींना कंपनी नाहीतर शाळा पाठवायची, की हा कामाला ठीक आहे का तेवढं बघून सांगा.

माझं शिक्षण चौथी. नवघर गावात मिठागरावर वाढलो, मग एका इस्पितळात वॉर्डबॉय, मग मॅडमकडे. शटर उघडणं, लादी पुसणं, माणसाला पाणी देणं, बाकावर बसवणं, तपासणीचे ठोकळे आणि चित्रांचे गठ्ठे लावून ठेवणं, हे माझं काम. हा लेख मी स्वतः लिहिलाय. नातीने जोडाक्षरं नीट केली. पुढे ती वाक्यं बदलायला लागली, तेव्हा वही काढून घेतली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आठवणीची परीक्षा म्हणजे काय तर पाढे म्हणायचे. तसं नाही. मॅडम आकडे सांगायच्या, ते सरळ म्हणायचे, मग उलटे. शब्दांची यादी ऐकायची आणि अर्ध्या तासाने आठवायची. आकृती बघून काढायची, मग न बघता काढायची. दोन-दोन तास चालायचं. बाहेर येणारा माणूस मिठाची पाटी वाहून आल्यासारखा दमलेला असायचा.

या सगळ्यात एक परीक्षा वेगळी होती. चाळीस चित्रं एकामागून एक दाखवायची. कात्री, होडी, पेरू, छत्री. नंतर जोड्या दाखवायच्या आणि विचारायचं, या दोनातलं मघाशी कुठलं बघितलं? माणसाला ती भारी अवघड वाटते. खरं तर ती फार सोपी असते. ज्याची आठवण खरोखर गेली आहे, तोही बहुतेक वेळा त्यात पास होतो.

एक गुजराती शेठ यायचे, ऐंशीच्या पुढचे. मला रोज आपला धाकटा भाऊ समजायचे. "रमणिक, दुकान बंद किया?" मी म्हणायचो, "हां भाई, किया." बरोबर आलेल्या मुलाला ओळखायचे नाहीत, पण चाळीसात अडतीस चित्रं बरोबर दाखवली. मी मॅडमना विचारलं, "मग ही परीक्षा कशाची?"

मॅडम म्हणाल्या, "काका, ही आठवणीची नाही. आजच्या परीक्षांवर भरवसा ठेवायचा की नाही, ते बघायची. यात माणूस पडला, म्हणजे नापास झाला, तर बाकीचे आकडे धरता येत नाहीत."

"म्हणजे खोटारडा."

"नाही ना. पडला एवढंच कळतं. का पडला ते परीक्षा सांगत नाही. कुणी मुद्दाम पडतो. पण ज्याचं सगळं अंग दुखतंय आणि कुठल्याच तपासणीत काही सापडत नाही, असे लोकही यात जास्त पडतात. त्यांचं दुखणं खोटं नसतं. त्यांचं लक्ष त्या दुखण्यात अडकलेलं असतं."

मी "हां" म्हटलं आणि खुर्च्या लावायला गेलो. त्यातलं पहिलं माझ्या लक्षात राहिलं. दुसरं मी घेतलंच नाही. मला वाटायचं, रिपोर्ट चांगले असून अंग दुखतं म्हणणारा माणूस काम टाळतोय. घरी माझी बायको मंजुळा दोन वर्षं पोटात जळजळ म्हणत होती आणि सोनोग्राफीत काही नव्हतं. मी म्हणायचो, मनाचे खेळ. ती म्हणायची, "तुजं गुडगं दुखतान तवा कंचा रिपोर्ट काडलास? तुजं तेवढं खरं, माजं खोटं न्हाय का?"

आता माझा मोठेपणा सांगतो, कारण चुकीचं मूळ त्यातच होतं.

माणूस आत जायच्या आधी अर्धा तास बाहेर माझ्यासमोर बाकावर बसलेला असायचा. आत सगळे शहाण्यासारखे नाहीतर वेड्यासारखे वागतात, बाहेर ते असतात तसे असतात. मॅडमना हे माहीत होतं. त्या अधूनमधून विचारायच्या, "काका, बाहेर कसे होते?" मी सांगायचो. कधी कधी त्या ते कागदात लिहायच्या. माझं नाव नाही, 'कर्मचाऱ्याने पाहिले' असं. पण ते लिहिलेलं बघितलं की मला दिवसभर ताठ चालावंसं वाटायचं. मिठागरावर आमचा बाप वाफ्यात नुसता पाय ठेवून सांगायचा, मीठ आज ओढायचं की उद्या. मला वाटायचं, तो पाय माझ्याकडे आलाय, फक्त माणसांसाठी.

ते भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या एका माणसाने पक्कं करून टाकलं. स्कूटरवरून पडला होता, ऑफिसने पाठवला होता. म्हणे काहीच आठवत नाही. बाकावर बसून मला तीनदा विचारलं, "काका, ये कौनसी जगह है?" तेवढ्यात फोन वाजला, कुरियरवाला. याने त्याला घरचा पत्ता सांगितला, विंग, मजला, खाली डेअरी आहे, डेअरीच्या बाजूने या, वॉचमनला अमुक नाव सांगा. एका श्वासात. मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंड भोळं केलं.

आत चित्रांच्या परीक्षेत त्याची फक्त अकरा बरोबर आली. मॅडमनी नंतर मला समजावलं, "डोळे मिटून बोट ठेवलं तरी वीसच्या आसपास बरोबर येतील. एवढं कमी यायला बरोबर कुठलं ते माहीत असावं लागतं." मला हे इतकं आवडलं की मी आठवडाभर नाक्यावर सगळ्यांना सांगत होतो.

जाताना तो माणूस जिन्यात थांबला. "काका, वाईट नका वाटून घेऊ. साहेब रोज सगळ्यांसमोर शिव्या देतो. दोन महिने घरी बसलो तर डोकं शांत होईल असं वाटलं." तेव्हा मी हसलो. आज हसणार नाही. पण तो मुद्दाम चुकला होता, आणि मी ते बाकावरून ओळखलं होतं, हेही खरं.

त्यानंतर सहा महिन्यांनी शोभाताई आल्या. नाव बदललंय, त्यांना विचारून लिहितोय. बाई चाळिशीच्या, मूळ हिंगोलीकडच्या, भाईंदर पूर्वेला राहणाऱ्या. एका शाळेच्या बसवर मुलं चढवायचं-उतरवायचं काम करायच्या. पिशवीत तीन जाड फाइली. डोकं जड, छातीवर दगड, गिळताना अडकल्यासारखं, उजवा हात मध्येच बधिर. डोक्याचा फोटो, मानेचा फोटो, हृदयाची पट्टी, सगळं चांगलं. आणि आता विसरायला होतं म्हणत होत्या. शाळेला त्यांनी अर्ज दिला होता, की मला बसवरून काढून बसायचं काहीतरी काम द्या. शाळेने म्हटलं, आधी तपासून घेऊ.

"मामा, इथं लई वेळ लागतो का?" त्यांनी विचारलं.

"दोन तास. पाणी पिऊन घ्या."

पाणी प्यायल्या आणि भिंतीकडे बघत बसल्या. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले. अंगठा बोटांच्या पेरांवरून चालला होता. मी पेपर तोंडासमोर धरला आणि कान दिला. आरव, मिहिर, झोया, रेहान, प्राची, जुळे दोघं, मोठी साक्षी, छोटी साक्षी… बावीस नावं. संपली की परत आरव. मी मोजलं. चार वेळा, त्याच क्रमाने, एक नाव इकडचं तिकडे नाही.

माझ्या पोटात आनंद मावेना. आठवण गेली म्हणते आणि बावीस नावं घडाघडा.

दोन तासांनी त्या बाहेर आल्या, पदर घामाने ओला. मॅडमच्या टेबलावर कागद होता. सोप्या परीक्षेत चाळीसात एकवीस. मॅडम पेन फिरवत बसल्या होत्या.

"काका, बाहेर कशा होत्या?"

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, बोटांवर करून दाखवलं. वर म्हणालो, "मॅडम, ही जेसल पार्कवाल्याची बहीण."

"तसं नाही वाटत. तो अकरावर होता, या नाणं उडवल्यासारख्या आल्यात. मुद्दामचं वाटत नाही."

"बावीस नावं, मॅडम. चार वेळा. मी काय बहिरा आहे?"

त्या दिवशी त्यांना आणखी तीन कागद द्यायचे होते. त्यांनी लिहिलं, की आजच्या चाचण्यांचे निकाल भरवशाचे धरता येत नाहीत, अंगदुखीसाठी आणि मनावरच्या ताणासाठी उपचार घ्यावेत. आणि खाली एक ओळ, की थांबलेल्या असताना त्या बावीस मुलांची नावं क्रमाने म्हणत होत्या, असं कर्मचाऱ्याने पाहिलं. शटर ओढताना मी शीळ घातली होती, ते अजून आठवतं.

मग तीन महिने गेले.

एका दुपारी मी जेवायला घरी चाललो होतो. आमच्या नवघरच्या वळणावर शाळेची एक बस उभी होती. मुलं सगळी उतरलेली. आत एक बाई प्रत्येक सीटवर हात फिरवत होती, वाकून खाली बघत होती. शेवटपर्यंत गेली, उतरली, पुन्हा चढली. पुन्हा पहिल्या सीटपासून. मी ओळखलं. ड्रायव्हर बाहेर चहा पीत उभा होता.

मी विचारलं, "क्या गिर गया इनका?"

"कुछ नहीं चाचा. ये तीसरा राउंड है. पाँच करेगी, फिर जाने देगी."

"क्यों?"

या आमच्या दवाखान्यात येऊन गेल्यात असं मी सांगितलं, तेव्हा त्याने आधी मला नीट बघून घेतलं. मग म्हणाला, "पिछले साल एक बच्ची पीछे सो गयी थी. हमने देखा नहीं, गाडी लॉक करके चले गये. बीस मिनट में याद आया. बच्ची को कुछ नहीं हुआ, उठके हँस रही थी. किसी को बताया नहीं, नौकरी का सवाल था. तब से इनका हाथ सुन्न पड़ता है. मैं बोलता हूँ भूल जाओ, तो और गिनती है."

शोभाताई पाचव्यांदा उतरल्या आणि मला बघून थांबल्या. "मामा, तुमी दवाखान्यातले ना? पाणी दिलं होतं."

माझ्या तोंडून एकदम निघालं, "त्या दिवशी तुम्ही बाकावर नावं घेत होतात."

"तुमी ऐकली व्हय?" त्या ओशाळल्या. "ते थांबतच न्हाई मामा. भाकरी थापताना बी चालू, अंघोळीला बी चालू. बावीस पुरी झाली की वाटतं एक राहिलं. आतमधी मॅडम चित्रं दाखवीत होत्या, तवा बी चालूच. समोर होडी दिसायची, पर माझं आरव-मिहिर चालू. मग त्या इचारायच्या, होडी का छत्री? मला काय ठावं? मी होतेच कुठं तिथं?"

"मग हे मॅडमना सांगायचं ना."

"कसं सांगू? ते सांगितलं तर पोरीचं बी सांगावं लागलं असतं." त्यांनी उजवा हात दुसऱ्या हाताने चोळला. "बसवरून काढा म्हणून हातापाया पडले मी. तर हपिसातले म्हणले, कागदात लिवलंय, तुमाला बावीस नावं पाठ हायती. मग कशाचं विसरणं? नाटक नका करू."

ड्रायव्हर गाडीत चढायला वळला होता, तो थांबून म्हणाला, "परसो की बात बताओ ना."

त्यांनी मान खाली घातली. "परवा मोजायच्या नादात छोटी साक्षी रस्त्याच्या बाजूनं उतरली. रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला म्हणून. मामा, माझ्या हातून एक दिवस लेकरू जाणार हाय. मला म्हाईत हाय आन कुणी ऐकत न्हाई."

मी जेवायला गेलोच नाही. उलटा फिरलो.

नवघरपासून मीरा रोडपर्यंत रिक्षात मी स्वतःशी भांडत होतो. मी खोटं तर काहीच सांगितलं नव्हतं. नावं ती घेतच होती. मी बघितलं ते सांगितलं, लिहिलं मॅडमनी, वाचलं शाळेने. माझा दोष कुठे? असं पुलापर्यंत चाललं. पुलावर गाड्या अडकल्या, आणि अडकलेल्या रिक्षात माणसाला स्वतःपासून उतरून जाता येत नाही. मी जे बघितलं ते दुखणं होतं. मी त्याला पुरावा म्हटलं होतं. आणि त्या पुराव्यावर ती बाई तीन महिने रोज बावीस मुलं घेऊन फिरत होती.

मॅडम डबा खात होत्या. मी दारातच उभा राहिलो.

"मॅडम, शोभाताईंची ती बावीस नावं. मी चुकलो."

"नावं घेत नव्हत्या?"

"घेत होत्या. मी अर्थ चुकीचा सांगितला."

सगळं सांगितलं. पंधरा वर्षांत मी त्यांच्यासमोर 'चुकलो' म्हटलेलं हे पहिलं. त्यांनी डबा बंद केला. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत, पण लिहिलं मी. तपासणी माझी होती. कशासाठी मोजताय, हे मी त्यांना एकदा विचारायला हवं होतं. घाई केली."

मग त्यांनी मला पुन्हा तेच समजावलं जे सात-आठ वर्षांपूर्वी समजावलं होतं. या वेळी मी खुर्च्या लावायला गेलो नाही. त्या म्हणाल्या, जी गोष्ट तोंडाने सांगता येत नाही ती कधी कधी हातातून, छातीतून बाहेर येते. ते दुखणं फोटोत दिसत नाही पण माणसाला होतं. अशा माणसाचे परीक्षेतले आकडे खरंच भरवशाचे नसतात, ते लिहिलेलं बरोबरच होतं. पण आकड्यांवर भरवसा नाही म्हणजे माणसावर भरवसा नाही, असं वाचणाऱ्याने वाचलं, आणि तसं वाचायला खालच्या ओळीने मदत केली.

"आकडे मी बदलू शकत नाही," त्या म्हणाल्या. "ती ओळ मागे घेऊ शकते, आणि हे नाटक नाही, बसचं काम लगेच काढून घ्या, असं पत्र देऊ शकते."

पण शाळेला काय सांगायचं आणि काय नाही, हा हक्क शोभाताईंचा. मॅडमनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. शाळेला काय काय सांगू, असं विचारलं. मग शोभाताई म्हणाल्या, "पोरीचं मी सांगन. माझ्या तोंडानं. काढलं तर काढलं. तुमी तुमचं तेवढं सांगा."

मॅडमनी पत्र टाइप केलं, पाकिटात घातलं. म्हणाल्या, "उद्या कुरियरने जाईल."

"मी नेतो."

"काका, पत्र पुरे आहे."

"कागदात 'कर्मचाऱ्याने पाहिले' लिहिलंय. तो कर्मचारी कोण ते त्यांना कळू दे."

"हट्टी आहात."

"आहे."

पुढचं इथेच सांगून टाकतो. शोभाताईंनी शाळेत सगळं सांगितलं. पंधरा दिवस घरी बसवलं त्यांना, ड्रायव्हरला नोटीस मिळाली. त्या मुलीच्या आईने फार आरडाओरडा केला, तो तिचा हक्कच होता. शेवटी शाळेने त्यांना वाचनालयात घेतलं, पुस्तकांना कव्हर घालायला. मॅडमकडे त्या वर्षभर येत राहिल्या, बोलायला. पुन्हा तीच चित्रांची परीक्षा झाली तेव्हा चाळीसात एकोणचाळीस. हात अजूनही कधी बधिर होतो, पण आता त्या म्हणतात, "झाला तर झाला, जाईल." नावं मात्र अजून पाठ आहेत.

मी त्यानंतर दोन वर्षं काम केलं. मॅडमनी विचारलं, बाहेर कसे होते, तर मी सांगायचो, पाणी प्याले, दोनदा उठले, फोनवर बोलले. त्याचा अर्थ सांगायचो नाही. मंजुळाला मी एका दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी अर्धा तास तिचं ऐकलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बग, ऐकाची पन फी हाय."

त्या तीन महिन्यांत एखादं मूल गेलं असतं तर, हा विचार मात्र जात नाही. गेलं नाही, ते माझ्यामुळे नाही. एका रिक्षावाल्याने ब्रेक दाबला म्हणून.

तर, पत्र तयार झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि साडेसातला शाळेच्या गेटवर उभा राहिलो. वॉचमनने आधी आत सोडलं नाही. मी म्हटलं, "प्रिन्सिपल मॅडम से मिलना है, मिले बगैर जाऊँगा नहीं." पाऊण तासाने बोलावलं. त्यांनी पत्र वाचलं, इंग्रजीत होतं, दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"और आप कौन?"

"यात लिहिलेला कर्मचारी. नावं मी ऐकली आणि उलटं सांगितलं मी."

त्यांना मराठी येत होती. म्हणाल्या, "तोंडी नको. फाइलला लावायला लागेल. लिहून देता?"

चौथीनंतर मी सहीपलीकडे कुणासाठी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी कोरा कागद दिला. मी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि बसलो. त्यांचे दोन फोन झाले, एक शिक्षक येऊन गेले, चहा आला आणि गार झाला. मी लिहिलं: शोभाताई बाकावर मुलांची नावं घेत होत्या ते मी पाहिलं. ती चांगल्या आठवणीची खूण आहे असं मी सांगितलं, ते चूक होतं. त्यांना मूल राहून जाईल अशी भीती होती, म्हणून त्या मोजत होत्या. मी त्यांना विचारलं नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं, आणि पहिल्यांदाच 'शिपाई' असं न लिहिता 'पाहणारा' असं लिहिलं. मग कागद त्यांच्याकडे सरकवला आणि त्या वाचून होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.